एलीकाकांची साक्ष

कोइवुला,
रविवार, १४ ऑक्टोबर १९२८

चि. नेस्टर यास,
सायमीताईचे अ. उ. आ. विशेष.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याला बटाटे जबाबदार आहेत. जमीन गोठायच्या आत काढून झाले एकदाचे. विल्होची कंबर धरली आहे, पण तो कुणाला सांगत नाही आणि मी कुणाला सांगू देत नाही. लाल गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या मोटारींच्या कारखान्यात म्हणे माणसाला शिंकायलाही उसंत नसते. तरी त्या पोलिश मुलीबरोबर नाचाला जायला तुला बरी उसंत मिळते, आणि हे मला मावशीच्या पत्रातून कळतं, तुझ्या नाही. ती कॅथलिक असली तर असू दे. तिला कॉफी नीट करता येते का, तेवढं कळव.

आता खरी बातमी. फीना सावेलाला पकडलं आहे. तू पहिल्या वर्षी जंगलात लाकूड तोडायला गेलास तेव्हा तिच्याच खानावळीत होतास, म्हणून सविस्तर लिहिते. ऑगस्टमध्ये एलीकाकांची वाफेची न्हाणी जळली. न्हाण्या जळतातच, त्यात नवल नाही. नवी उभी राहीपर्यंत शेजाऱ्यानं दर शनिवारी बोलवायचं ही आपली फिनिश रीत, ती इथे अमेरिकेतही सुटलेली नाही, आणि काकांना सगळ्यांत जवळचं घर फीनाचं. ती लाकूडतोड्यांना हातभट्टीची विकते हे सगळ्या कोइवुलाला ठाऊक, आणि काका आपल्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष हे तिला ठाऊक. तरी तिनं मोठ्या मुलीला पाठवून निरोप दिला, की न्हाणी तापलीय, या. काका गेले. अंग शेकून झाल्यावर पाठीवर मारायची भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी बाकाखाली ठेवायला वाकले, तर हाताला बाटली लागली. शेरीफ एक वेळ गादी फाडून बघेल, पण न्हाणीत हात घालणार नाही, असा फीनाचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी काका प्रार्थनेहून निघाले ते थेट शेरीफकडे गेले आणि पाहिलं ते सांगून आले.

गावात दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, ज्या न्हाणीत अंग धुतलं तिच्यावरच उलटायचं, हे कुठलं वागणं? न्हाणीतलं न्हाणीत राहावं. बाकीचे म्हणतात, काकांचा ओन्नी दोन वर्षांपूर्वी पिऊन घरी येताना बर्फात गोठून गेला, तेव्हा कुठे होतात तुम्ही? ओन्नी फीनाकडची प्यायला होता असं मात्र कुणीच म्हणत नाही. काकाही म्हणत नाहीत.

आणि नेस्टर, हा फीनाचा चौथा गुन्हा. गेल्या वर्षीच्या नव्या कायद्यानं चौथ्या गुन्ह्याला दंड नाही की चार महिने नाहीत, थेट जन्मठेप आहे. जज्जसाहेबांच्या मनात आलं तरी एक दिवस कमी करता येत नाही. एका बाटलीपायी! तिला तीन मुली. नवरा खाणीत दबून गेला तेव्हा धाकटी पोटात होती.

हे सगळं मी लांबून बघत बसले असते, पण काल मला जिल्ह्याच्या कोर्टाचा कागद आला. मला ज्यूरीत बोलावलं आहे. पुढच्या महिन्यात ज्या बारा जणांनी फीनाचं काय ते ठरवायचं, त्यांत कदाचित मी असेन. बाबांना गुत्त्यातून खांद्याचा आधार देऊन घरी कुणी आणायचं, तर मी. तू तेव्हा पाळण्यात होतास. दारू विकणाऱ्याची दया मला कधी आली नाही, आणि आताही यायला नको होती. पण दूध काढताना हात चालतात आणि डोकं त्या तीन पोरींकडे जातं.

वेलदोड्याचा पाव वेगळा पाठवला आहे. शिळा झाला तर कॉफीत बुडव, टाकू नकोस. ताईवरचा लोभ शाबूत आहे हे लांबलचक पत्र लिहून दाखव.

तुझी,
सायमीताई


डेट्रॉइट,
२२ ऑक्टोबर १९२८

ती. सायमीताईस,
नेस्टरचा सा. न. वि. वि.

पाव पोचला. शिळा झाला नव्हता, कारण त्याला तेवढा वेळच मिळाला नाही. पोलिश मुलीचं नाव यादविगा. कॉफी तुझ्याइतकी कडक करत नाही, पण तशी केली तर घोडासुद्धा झोपणार नाही. मावशीला सांग, डोळे कमी फिरव.

फीनाचं वाचून माझं जेवणावरचं मन उडालं. ताई, मी एकोणीस वर्षांचा असताना माझा पाय हिमदंशानं काळा पडला होता. जंगलातला मुकादम म्हणाला, बोटं कापावी लागतील. फीनानं त्याला दारातून हाकलला आणि तो पाय मांडीवर घेऊन बसली. मी आज दहा बोटांवर चालतो ते तिच्यामुळे. तिला मरेपर्यंत कोंडणार? इकडे येऊन बघ, नदीपलीकडच्या कॅनडातून रोज होड्या भरभरून दारू येते. आमचा मुकादम पितो, रस्त्यावरचा पोलीस पितो, आणि दारूबंदीवर भाषण करणारे भाषण झाल्यावर पितात. पकडली कोण जाते, तर फीना.

तू ज्यूरीत गेलीस तर उपाय सोपा आहे. एलीकाका सत्तरीला आले. न्हाणीत अंधार, त्यात वाफ, चष्मा काढलेला. काकांचा घोटाळा झाला, बाटली रॉकेलची असेल, असं म्हणून मोकळं व्हायचं. कुणाचं काही जात नाही. काका काय, दोन दिवस रुसतील. तू लहानपणी मला खोटं बोललो म्हणून जेवढ्या वेळा कोपऱ्यात उभं केलंस, तेवढ्यांच्या बदल्यात हे एक खोटं तुला माफ.

विल्होदाजींच्या कंबरेला माझा नमस्कार सांग. (मला मावशीकडून कळलं म्हण.) तुझी माया अशीच पावाच्या आकारात येत राहो.

तुझा,
नेस्टर


कोइवुला,
रविवार, ४ नोव्हेंबर १९२८

चि. नेस्टर यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. चिडलेली असतानाच लिहिते आहे, म्हणजे कडक कॉफीसारखं उतरेल.

काकांचं काही जात नाही म्हणतोस? त्यांच्याकडे आहे काय दुसरं? काकू गेल्या, ओन्नी गेला, जमीन खडकाळ. कोइवुलात बांधावरून भांडण झालं की दोघंही म्हणतात, एली कान्तोलाला विचारा, तो सांगेल ते खरं. एवढीच त्यांची मिळकत. ती बाराजणांनी कोर्टात बसून काढून घ्यायची, आणि तीही खोटं बोलून? एकाच्या गळ्यातला फास सोडवून दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यातला हा प्रकार. तसं करायला मला कुणी सांगू नये, दहा बोटांवर चालणाऱ्यानंही नाही.

पण तू फीनाच्या मांडीवरच्या पायाचं लिहिलंस, ते मला ठाऊक नव्हतं. तू कधी बोलला नाहीस. ते वाचल्यापासून मला काय करायचं ते आणखीच कळेनासं झालं आहे. शपथ घ्यायची म्हणजे कायदा आणि पुरावा बघून खरा निवाडा द्यायचा. काका खरं बोलणार, बाटली खरी, कायदाही खराच. मग मला जागा कुठे उरते? विल्होला विचारलं, तर त्यानं गोठ्याचं दार दुरुस्त करता करता सांगितलं, की त्याला बोलावलं असतं तर त्यानं कंबरेचं कारण सांगून सुटका करून घेतली असती. याच्याशी लग्न केलं मी.

पुढच्या सोमवारी जिल्ह्याला जाते. तिथून खटल्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. तशी मनाई असते आणि ती मी पाळणार. माझ्यासाठी प्रार्थना कर, अजून येत असेल तर.

रागावूनही जी आशीर्वादच देते ती,
सायमीताई


जिल्ह्याचं गाव,
बुधवार, १४ नोव्हेंबर १९२८

चि. नेस्टर यास,
अ. आ.

खुशाल आहे. आम्हाला स्टेशनासमोरच्या हॉटेलात ठेवलं आहे. आम्ही तीन बायका एका खोलीत. गादीत ढेकूण आहेत आणि कॉफी अशी, की कपाचा तळ दिसतो. कोर्टाचा शिपाई जेवतानाही दारात उभा असतो. हवामानावर बोललं तरी संशयानं बघतो, म्हणून आम्ही गाईंवर बोलतो. बर्फ पडायला लागलं आहे.

तू विचारू नयेस ते विचारू नकोस. काल मला जेवण गेलं नाही, एवढंच.

आठवण ठेव.

सायमी


डेट्रॉइट,
२० नोव्हेंबर १९२८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाबास! आपल्या फिनिश वर्तमानपत्रात कालच दोन ओळी आल्या आहेत: खानावळवाली बाई निर्दोष, ज्यूरीची प्रमुख श्रीमती सायमी राउतिओ. मी ते कारखान्याच्या फाटकात उभं राहून मोठ्यानं वाचलं. मला वाटलं होतं तू पाषाण आहेस, पण शेवटी धाकट्या भावाचा सल्ला ऐकलासच. चष्मा की रॉकेल? काय चाललं ते लिही. आणि काकांचं मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारा माणूस आहे, विसरेल. त्यांना खोटं पाडताना तुला किती जड गेलं असेल ते मी समजतो.

यादविगा म्हणते, अशा बाईला भेटायला हवं. उत्तराची वाट बघत लोभाचा भुकेला,

नेस्टर


कोइवुला,
रविवार, २५ नोव्हेंबर १९२८

चि. नेस्टर यास,
अ. उ. आ. आणि एक टपली.

कुणी कुणाला खोटं पाडलेलं नाही. नीट बसून वाच.

ज्यूरी निवडताना सरकारी वकिलांनी विचारलं, की आरोपीला ओळखता का. सगळ्यांचं उत्तर हो. या जिल्ह्यात अनोळखी बारा जण हवे असतील तर बोटीनं आणावे लागतील. मी दारूबंदी मंडळाची उपाध्यक्ष म्हटल्यावर सरकारी वकिलांचा चेहरा खुलला. फीनाचा वकील मला काढणार होता, पण त्याला जेवढ्यांना नकार द्यायची मुभा होती ती माझ्या आधीच संपली होती. अशी मी बसले.

शेरीफच्या हाती बाटली लागली नव्हती, त्यामुळे सगळा खटला काकांच्या शब्दावर उभा होता. काका रविवारच्या काळ्या कोटात आले. दुभाष्यामार्फत साक्ष झाली. फीनाच्या वकिलानं तुझाच रस्ता धरला, अगदी तुझं पत्र वाचल्यासारखा. अंधार होता ना? होता, म्हणाले. वाफ? न्हाणी म्हटल्यावर वाफ असणारच. चष्मा काढलेला? काढलेला. मग बाटलीत दारूच होती हे कशावरून? रॉकेल नसेल कशावरून? काका म्हणाले, बूच काढून वास घेतला. तीन हिवाळे माझ्या मुलाच्या कोटाला तो वास होता, तो ओळखायला मला चष्मा लागत नाही. त्यावर वकील खाली बसला. काकांनी एक शब्द वाढवला नाही की एक कमी केला नाही. तिचा धंदा किती, गिऱ्हाईक कोण, असं सरकारी वकिलांनी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, मी एक बाटली पाहिली, तेवढंच सांगायला आलोय.

मग फीना उभी राहिली. बाटलीबद्दल तिनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. सरकारी वकिलांनी टोमणा मारावा तसं विचारलं, की कान्तोला दारूबंदीवाला आहे हे बाईंना माहीत नव्हतं वाटतं? ती म्हणाली, माहीत नसायला मी काय काल आले? मग असं असून त्याला न्हाणीत घेतलंत? फीनाला तो प्रश्नच कळेना. दुभाष्यानं दोनदा सांगितला. शेवटी ती म्हणाली, त्यांची जळली होती. शनिवार होता.

नेस्टर, विचार कर. तिनं नुसतं म्हटलं असतं की आज न्हाणी तापवली नाही, तर ती कोर्टात उभीच राहिली नसती. बाटली हलवायचंही तिच्या डोक्यात आलं नाही, कारण न्हाणीत आलेला पाहुणा तिच्या लेखी शत्रू नसतोच. आणि काकांच्या लेखी पाहिलेलं लपवणं म्हणजे खोटं बोलणं. दोघंही आपापल्या जागी इतकी सरळ, की मधल्या मधे चेंगरली ती पोरं.

जज्जसाहेबांनी बजावलं, की शिक्षा काय हा ज्यूरीचा विषय नाही, घडलं की नाही तेवढं पाहा. मग आम्हाला आत कोंडलं. माझं अक्षर बरं म्हणून मला प्रमुख केलं. मी पहिला प्रश्न टाकला: एली कान्तोलावर कुणाचा अविश्वास आहे का? कुणाचाच नव्हता. दुकानदार ट्रेम्बाथ म्हणाला, तो म्हातारा म्हणाला की सरोवर पेटलंय, तर मी बादली घेऊन धावेन. मग दुसरा प्रश्न: बाई दोषी? ट्रेम्बाथच म्हणाला, आपण म्हणू या की वाफेत नीट कळलं नाही. कोर्टालाही तोंड लपवायला जागा मिळेल. बरेच जण लगेच हो म्हणाले. सुटलो, असं दिसत होतं चेहऱ्यांवर.

मी नाही म्हटलं. आणि माझ्याबरोबर नाही म्हणाला तो स्वीडिश सुतार लुंडग्रेन, वेगळ्याच कारणानं. तो म्हणाला, शपथ म्हणजे शपथ. घडलंय ना? मग दोषी. शिक्षा ज्यांनी कायदा केला त्यांच्या डोक्यावर. मी म्हटलं, बाटली होती की नव्हती एवढंच हवं असतं तर शेरीफ आणि कान्तोला पुरे होते. गाई सोडून बाराजणांना इथे कशाला आणलं? जज्जसाहेबांना कायदा माझ्यापेक्षा येतो. मग त्यांनी स्वतःच का नाही ठरवलं? आपल्याला विचारतात ते यासाठी, की पुस्तकात न बसणारं माणूस समोर आलं तर कुणीतरी नाही म्हणायला हवं. लुंडग्रेन म्हणाला, आणि उद्या एखाद्या खुन्याला त्याच्या जातभाईंनी असंच सोडलं तर? बाई, तीही बाराच माणसं असतील आणि त्यांनाही वाटेल आपण फार दयाळू.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, नेस्टर. अजून नाही. मी तसंच सांगितलं. म्हटलं, हे अधिकार भीत भीतच वापरायचे असतात, आणि मला भीती वाटतेय. पण त्या बाईला मरेपर्यंत कोंडा असं मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही, आणि कान्तोला चुकला असंही म्हणणार नाही. खोट्याचा आडोसा घेऊन सोडायचं तर मला सोडायचंच नाही.

लुंडग्रेन खिडकीशी जाऊन उभा राहिला. सुतार माणूस, बोलायच्या आधी मनात माप घेतो. मग वळला आणि म्हणाला, की तो त्या न्हाणीचा विचार करत होता. त्यानं जन्मभर न्हाण्या बांधल्या, पण शत्रूला बोलवायला कधी बांधली नाही. कान्तोलाचं नाव स्वच्छ राहणार असेल, तर तो नाही म्हणायला तयार आहे. आणि ते नाव स्वच्छ आहे हे उघड कोर्टात सांगायचं, मनात ठेवायचं नाही. ट्रेम्बाथ म्हणाला, मग जज्ज आपल्याला सोलून काढेल. लुंडग्रेन म्हणाला, काढू दे, हिवाळ्यात मी दोन कोट घालतो.

बाहेर आलो. कारकुनानं विचारलं, मी उभी राहून म्हटलं, दोषी नाही. लोक श्वास सोडत होते तेवढ्यात पुढचंही म्हटलं, की एली कान्तोला यांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे, आम्हा बाराजणांचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. जज्जसाहेब लालबुंद झाले. विचारलं, मग निवाडा चुकून दिलात काय? मी म्हटलं, नाही साहेब, विचार करून दिला. कारण काय? मी म्हटलं, आमच्याकडे निवाडा मागितला होता, तो दिला. त्यांनी आम्हाला असं झाडलं की विचारू नकोस. शपथेचा अपमान, राज्याला काळिमा, या सत्रात पुन्हा तोंड दाखवू नका. सगळं बोलले, आणि शेवटी फीनाला सोडा असा हुकूम त्यांनाच द्यावा लागला. त्यांच्या हातात सगळं कोर्ट आहे, पण बारा माणसं नाही म्हणाली की त्यांनाही तिथे थांबावं लागतं. घोड्यानं उडी मारायला नाकारावं, तसं. मला त्या क्षणी या परक्या देशाचा एवढा अभिमान वाटला, की डोळे भरून आले. ज्यानं कुणी ही सोय करून ठेवली, त्याचं भलं होवो.

दुभाष्यानं फीनाला सांगितलं. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही, काकांकडे पाहिलं. काका मान खाली घालून उठले आणि बाहेर गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. काल दुकानाच्या पायरीवर समोरासमोर आलो, तर तोंड फिरवून बर्फातून उलट्या वाटेनं गेले. ते मला फार लागलं.

भरीला भर, मंडळात माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे. दारू विकणाऱ्याला मदत करणाऱ्या सभासदाचं नाव यादीतून काढायचं, हा आपलाच नियम, आणि मीच तो मंडळाच्या वहीत दर साल सुवाच्य अक्षरात लिहिते. पुढच्या रविवारी सभा आहे. अध्यक्ष काका. मी जाणार नाही. त्यांनी माझ्या तोंडावर नाव काढायचं आणि मी ऐकायचं, हे दोघांनाही नको.

यादविगाला माझा आशीर्वाद सांग. मायेची ऊब पत्रातून पाठवत राहा, यंदा हिवाळा लवकर आला आहे.

तुझी,
सायमीताई


डेट्रॉइट,
३० नोव्हेंबर १९२८

ती. ताईस,
सा. न., आणि कान धरून.

मी फाटकात पुन्हा उभा राहिलो आणि सांगितलं, की आधी सांगितलं ते चुकीचं होतं, माझ्या बहिणीनं त्याहून मोठं काम केलंय. मी दिलेला सल्ला पळवाटेचा होता. पळवाट समोर उघडी असताना तू मुख्य दारानं बाहेर आलीस. मला तुझा फार अभिमान वाटतो, ताई. एरवी हे बोलताना मी चेष्टा केली असती, आज करत नाही.

नाव काढलं तर काढू दे. इकडे ये, आम्ही तुला डोक्यावर घेऊ. पण मला माहीत आहे तू येणार नाहीस, आणि काकांनी तोंड फिरवलं ते तुला नावापेक्षा जास्त लागलंय. सभेचं काय झालं ते कळव. तुझ्या मायेवर पोसलेला,

नेस्टर


कोइवुला,
सोमवार, ३ डिसेंबर १९२८

चि. सौ. सायमीस,
एली कान्तोलाचे आशीर्वाद. देवाची शांती तुमच्या घरावर असो.

हाकेच्या अंतरावर राहून पत्र लिहितो आहे याचं तुला नवल वाटेल. तोंडानं सांगायला मी दोनदा तुझ्या फाटकापर्यंत आलो आणि परत गेलो. दुकानाच्या पायरीवर तोंड फिरवलं ते रागानं नव्हे. म्हाताऱ्याचे डोळे लोकांसमोर वाहू नयेत म्हणून.

मी शेरीफकडे गेलो तेव्हा मला वाटलं, दंड होईल, भट्टी मोडतील, कुणाच्या तरी ओन्नीला घरची वाट सापडेल. हा तिचा चौथा गुन्हा आहे आणि चौथ्याला जन्मठेप आहे, हे मला शेरीफनं नंतर सांगितलं. तेव्हा मला घाम फुटला. पण पाहिलं ते पाहिलं होतं. शब्द परत घ्यावा तर खोटं होतं, न घ्यावा तर तिची पोरं उघडी पडतात. सगळा पानगळीचा महिना मी एकच प्रार्थना केली: देवा, मी खरंच बोलेन, पण त्यांना माझं खरं वाटू देऊ नकोस. म्हातारा आहे, आंधळा आहे, सूड घेतो आहे, काय हवं ते म्हणू देत. तू दोषी नाही म्हणालीस तेव्हा वाटलं, प्रार्थना ऐकली. नाव गेलं, आणि स्वस्तात गेलं. मी उठायला लागलो. तेवढ्यात तू पुढचं बोललीस. माझं नावही परत मिळेल, एवढं मागायचं मला सुचलंच नव्हतं.

फीनानं मला कसलंही वचन दिलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही. मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली, साक्षीची नव्हे, तिच्या दारात पाहुणा होतो त्याची. तिनं कॉफी दिली.

कालची सभा झाली. तू आली नाहीस ते बरं केलंस, तू असतीस तर मला बोलता आलं नसतं. तक्रार वाचली. सभासद सायमी राउतिओ यांनी दारू विकणाऱ्या बाईला पुरावा असताना सोडलं. मी विचारलं, तक्रार खरी आहे का. सगळे म्हणाले, खरी. मीही म्हटलं, खरी, शब्द न् शब्द खरी, मी तिथे होतो. कार्यवाहीत तसं लिहून घेतलं. मग विचारलं, नाव काढायचं का. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, पण हात एकाचाही वर झाला नाही. माझाही नाही.

विल्होला आशीर्वाद. म्हाताऱ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
एलीकाका